संहत आणि तीव्र एकच का?

मुलुंडची_आई: लेक नववीत आहे, मराठी मिडियम. पुस्तकात 'संहत आम्ल', क्लासच्या नोट्समध्ये त्याच जागी 'तीव्र', आणि काल तिने विचारलं तेव्हा मी 'स्ट्राँग गं' म्हणून मोकळी झाले. आता म्हणते तिन्ही एकच का, पेपरात काय लिहू?

परळचा_लॅबवाला: ताई, एकच नाहीत, आणि घोळ त्या 'स्ट्राँग'नेच केलाय. स्ट्राँग चहा म्हणजे पावडर जास्त पाणी कमी, म्हणजे खरं तर संहत. तीव्र हा आम्लाचा स्वभाव, पाण्यात पडल्यावर जवळजवळ सगळ्याचे आयन (विद्युतभार असलेले कण) सुटतात की थोड्याचेच, एवढंच. थोड्याचेच सुटले तर ते सौम्य. लॅबमधल्या हायड्रोक्लोरिकच्या बाटलीत साधारण 12 मोलार असतं, म्हणजे लीटरला 12 मोल (मोल हे कण मोजायचं माप, डझनसारखं), ते तीव्र पण आणि संहत पण. त्याला हजारपट पाणी दाखवलं तरी तीव्रच राहतं, विरल होतं इतकंच. उलट ग्लेशियल ॲसेटिक बघा, म्हणजे जवळजवळ पाणी नसलेलं ॲसेटिक आम्ल, 17 मोलारच्या वर, कातडी भाजते, तरी सौम्य. व्हिनेगर त्याचंच, सौम्य आणि वर विरलही.

गिरगावकर: विरल म्हणजे आपलं विरळच की, विरळ केस, विरळ वस्ती. संहत संस्कृतातलं, गच्च एकत्र आलेलं. सकाळची विरार फास्ट डोळ्यासमोर आणा 😄 तीच माणसं 12 ऐवजी 15 डब्यांत बसवली की माणूस एकही कमी नाही पण संहती 0.8 पट. डायल्यूशनचं गणित म्हणजे हेच, पाणी वाढलं तरी द्राव्य, म्हणजे विरघळलेला पदार्थ, तेवढंच.

मुलुंडची_आई: गाडी कळली. पण हिने 1 मोलार मिठाच्या द्रावणासाठी '58.5 ग्रॅम मीठ 1 लीटर पाण्यात टाकलं' लिहिलं तर अर्धा मार्क गेला, का?

परळचा_लॅबवाला: बरोबर गेला. 58.5 ग्रॅम ठीक, तो मिठाचा 1 मोल. पण 1 लीटर द्रावण हवंय, 1 लीटर पाणी नाही. मीठ आधी थोड्या पाण्यात विरघळवायचं, मग फ्लास्कच्या मानेवर रेघ असते तिथपर्यंत पाणी भरायचं, शेवटचे थेंब ड्रॉपरने, आणि डोळा रेघेच्या लेव्हलला, वरून वाकून बघितलं की हमखास चुकतं. सरावाला सलाईनची बाटली द्या तिला. 0.9 टक्के म्हणजे 100 मिलीत 0.9 ग्रॅम, लीटरला 9, भागिले 58.5, आलं साधारण 0.154 मोलार.

गिरगावकर: आणि लीटरला किती मोल ह्याला पुस्तकात 'रेणुता' म्हणतात ते मला कधीच पटलं नाही, मिठात रेणू असतात कुठे, सगळा आयनांचा कारभार. मोल मोजताय तर मोलारता म्हणा ना सरळ.

परळचा_लॅबवाला: मुद्दा बरोबर आहे काका, पण पोरीला पेपरात रेणुताच लिहू दे. आणि क्लासच्या नोट्समध्ये जिथे 'तीव्र द्रावण' आहे तिथे खोडून 'संहत' करा. द्रावण तीव्र नसतं, आम्ल असतं.

मुलुंडची_आई: खोडलं. सात ठिकाणी निघालं 🙈