शुक्रवारी पापलेट चालतं, मग त्याग कसला?

निर्मळकर: ईस्टरच्या आधीचा प्रायश्चित्तकाळ (लेंट) चालू आहे, आम्हा ख्रिस्ती लोकांचा उपवासाचा काळ. काल शुक्रवार, म्हणून घरी मटण नव्हतं. त्याऐवजी भरलेलं पापलेट आणि कोळंबीची खिचडी! आमचे बाबा शुक्रवारी पेज आणि भाजलेला सुका बोंबील खायचे, तोही चौघांत एक. नियम पाळला, पण मी सोडलं काय? मला तरी हे पटत नाही.

नंदाखालवाला: दादा, आपल्या कॅथलिक चर्चच्या कायद्याच्या कलम १२५१ मध्ये शुक्रवारी मांस वर्ज्य आहे, मासे नाहीत. तेराव्या शतकात संत थॉमस अक्वायनस यांनी कारणही दिलंय: जमिनीवर राहणाऱ्या, हवेत श्वास घेणाऱ्या प्राण्यांचं मांस जास्त चविष्ट, जास्त पोसणारं. म्हणून ते सोडायचं. इतका साधा नियम पाळायला काय हरकत?

निर्मळकर: मग व्हेनेझुएलात या काळात कॅपिबारा कसा चालतो? उंदराच्या जातीचा, डुकराएवढा प्राणी, केवळ पाण्यात डुंबतो म्हणून मासा! न्यू ऑर्लिन्सच्या आर्चबिशपांनी तर २०१० मध्ये अ‍ॅलिगेटरलाही (मगरीचा भाऊबंद) माशांत धरलं. हे दोघेही हवेतच श्वास घेतात ना? उलट ऑर्थोडॉक्स पंथाच्या ख्रिस्ती लोकांना या उपवासात बहुतेक दिवस मासा चालत नाही, कोळंबी चालते. रेघ ज्याने त्याने आपल्या ताटाकडे बघून ओढली आहे.

नंदाखालवाला: रेघ कुठेतरी ओढावीच लागते. प्रत्येकाच्या मनावर सोडलं तर दोन वर्षांत शुक्रवारही उरणार नाही.

पाचूबंदरची: मी कोळ्याची मुलगी. आमच्याकडे मांदेली रोजची, मटण सणालाच. मटण सोडायचा नियम आम्हाला कधी जाणवलाच नाही. आई शुक्रवारी पहाटे पाटी घेऊन बाजारात जायची, मासळी विकायची आणि घरी येऊन आम्हाला डाळ-भात वाढायची. हाताला मासळीचा वास, ताटात मासळी नाही. कुणी सांगितलं नव्हतं तिला. पण निर्मळकर, तुम्ही सगळ्यांना मासळी सोडायला लावलीत तर तिच्यासारखीची पाटी कोण उचलणार? या शुक्रवारांवर आमची फी भरली गेली आहे.

निर्मळकर: ताई, हे माझ्या डोक्यात आलं नव्हतं. सगळ्यांवर बंदी नको. पण कलम १२५३ प्रमाणे बिशपांची परिषद मांसत्यागाच्या जागी दानधर्माची कामंही ठरवू शकते. मी मासळी घेईन, फक्त बोंबील. पापलेटाचे वाचलेले पैसे दानपेटीत.

नंदाखालवाला: ते जरूर करा. मटण मात्र त्या दिवशी नकोच.