'ब्राइड प्राइस'ला सिदीच्या तोंडी कोणता शब्द द्यावा?

पायवाट: नायजेरियन नाटककार वोले सोयिंका यांचं 'द लायन अँड द ज्वेल' (१९५९) हे नाटक मराठीत करतेय, पहिल्याच प्रवेशात अडले. इलुजिन्ले गावचा मास्तर लाकुनले सिदी या गावातल्या तरुणीच्या मागे आहे, पण तिच्यासाठी ब्राइड प्राइस, म्हणजे मुलीच्या घरच्यांना द्यायचे पैसे, मोजायला तयार नाही. रानटी प्रथा म्हणतो. ती म्हणते, फुकट लग्न केलं तर गाव माझ्या अब्रूवर बोट ठेवेल. मी 'हुंडा' लिहिलं. वाचनाला सगळ्यांनी मास्तरला टाळ्या दिल्या! आपल्या कानाला हुंडा नाकारणारा तो नायकच. प्रवेश उलटा पडला.

हरताळ: हुंडा साफ चूक, तो मुलीकडून जातो. 'वधूमूल्य' म्हणा. समाजशास्त्रात रूढ आहे.

पायवाट: मास्तर म्हणेल. सिदी कशी म्हणेल, 'आधी वधूमूल्य दे'?

आगोटी: 'देज' घ्या. डहाणूकडे वारली पाड्यांवर नोकरीला होते. शेजारच्या आजी चुलीपुढे बसून सांगायच्या, "माझं देज बापानं मोजून घेतलं होतं." सांगताना मान ताठ. सिदीला तोच ताठा हवाय.

हरताळ: देज 'देय'वरून, मान्य. पण शहरातला प्रेक्षक 'दहेज' ऐकेल, म्हणजे परत हुंडाच. शिवाय 'तो देज' ना?

आगोटी: दहेज अरबी 'जहेज'वरून आलाय, त्याचा इथे काय संबंध? आणि आजी 'ते देज' म्हणायच्या. बोलणाऱ्यांना व्याकरण शिकवू नका.

सातवा मजला: 'लोबोला' ठेवा की!

पायवाट: तो झुलूंचा, आफ्रिकेच्या दक्षिणेकडचा, गुरांचा व्यवहार. हे नायजेरियातले योरुबा. त्यांचा शब्द 'ओवो ओरी', शब्दशः डोक्याचे पैसे. सरकारी करालाही हाच शब्द.

हरताळ: म्हणजे आपली डोईपट्टी! काय जुळलंय.

आगोटी: जुळलं तरी नवरीवर पट्टी नको हो.

सातवा मजला: बरोकाला काय म्हणताय? ६२ वर्षांच्या गावप्रमुखाला मुळातल्यासारखं 'बाले' म्हटलं की मला 'हे बाले' ऐकू येतं. सरळ पाटील करा. मोजणीवाल्याला लाच देऊन गावावरून जाणारी रेल्वे वळवतो, असा वस्ताद म्हातारा पाटीलच शोभतो.

आगोटी: पाटील म्हटलं की फेटा आणि वाडा आला. योरुबा गाव पुसलं जाईल.

हरताळ: 'मुखिया' तर मुळीच नको, तो हिंदी.

पायवाट: 'बाऽले' असं लांबवून लिहू का? उद्या तालमीत मोठ्यानं म्हणून बघते.