'धर्मादाय प्रतिष्ठान' म्हणावं का?

प्रश्न : अमेरिकेवरच्या एका लेखाचा अनुवाद करते आहे. 'पुराणमतवादी राजकीय विचारांना पैसा पुरवणारी धर्मादाय प्रतिष्ठाने' असं लिहिलंय, पण 'धर्मादाय' म्हटलं की दवाखाना नाहीतर अन्नछत्र डोळ्यांपुढे येतं. दुसरा शब्द सुचवाल?

उत्तर : 'धर्मादाय' राहू द्या. आपल्याकडेही शिक्षणसंस्थांचे न्यास धर्मादाय आयुक्तांकडेच नोंदवलेले असतात. अमेरिकेत शिक्षण-संशोधनाला दिलेला पैसा धर्मादायात मोडतो, त्यावर करसवलत मिळते, आणि विचारांना बळ देणारा पैसा याच वाटेने जातो. जॉन ऑलिन हे रसायनं आणि दारूगोळ्याचे कारखानदार. त्यांनी 1953 मध्ये काढलेल्या न्यासाने हार्वर्डसारख्या विद्यापीठांत 'कायदा आणि अर्थशास्त्र' या विषयाची केंद्रं उभी केली; 1982 मध्ये कायद्याच्या विद्यार्थ्यांनी सुरू केलेल्या फेडरलिस्ट सोसायटी या पुराणमतवादी विचारांच्या कायदेतज्ज्ञांच्या संघटनेलाही सुरुवातीच्या काळात मदत केली. आज अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयात या सोसायटीशी जवळीक असलेले न्यायाधीश बहुमतात आहेत. आपल्यामागे विश्वस्तांनी भलतीकडे वळू नये म्हणून सगळा पैसा वाटून टाकायचा, ही ऑलिन यांची इच्छा. त्याप्रमाणे 2005 मध्ये न्यास बंदही झाला. 'राजकीय देणगी' मात्र मुळीच लिहू नका. उमेदवाराच्या प्रचाराला पैसा द्यायला अशा न्यासांना कायद्याने बंदी आहे.

आणखी एक उत्तर : मला 'पुराणमतवादी' जास्त खटकतो. त्यातून सोवळंओवळं, कर्मठपणा ध्वनित होतो. ऑलिन न्यासाचा भर खुली बाजारपेठ आणि मर्यादित सरकार यांवर होता. 'उजव्या विचारांचे' लिहा, वाचकाला लगेच कळेल.

'प्रतिष्ठान'ही सरसकट वापरू नका. 1973 ची हेरिटेज फाउंडेशन नावाने फाउंडेशन असली तरी ती देणग्या घेऊन धोरणं मांडणारी संस्था आहे. मद्यउत्पादक जोसेफ कूर्स यांच्या अडीच लाख डॉलरवर ती उभी राहिली. मिलवॉकीचं ब्रॅडली फाउंडेशन मात्र देणारं. दोघांना एकच शब्द लावला तर पैसा कोणाकडून कोणाकडे गेला हेच वाचकाला कळणार नाही, आणि अशा लेखात तेच तर कळायला हवं. देणाऱ्याला 'न्यास' म्हणा, घेणाऱ्याला 'अभ्याससंस्था'.

प्रश्नकर्ती : मग 'उजव्या विचारांच्या अभ्याससंस्थांना पैसा पुरवणारे खासगी धर्मादाय न्यास' असं करते. फाउंडेशनची विशेषनामं आहेत तशीच ठेवते.