बिडी ओढणाऱ्या फौजीला सीओपीडी या फुफ्फुसाच्या जुनाट आजाराची डिसॅबिलिटी पेन्शन नाकारणं बरोबर आहे का?

फौजीचा_पोरगा
बाबा २०१२ ला हवालदार म्हणून सुटले. शेवटची चार वर्षं एलएमसी होते, म्हणजे तब्येतीमुळे खालच्या मेडिकल कॅटेगरीत, पी-२, कारण सीओपीडी. रिलीज मेडिकल बोर्डाने डिसॅबिलिटी ३० टक्के धरली, आयुष्यभरासाठी, आणि बाजूच्या रकान्यात 'नाना'. नायदर ॲट्रिब्युटेबल नॉर ॲग्रॅव्हेटेड, म्हणजे आजार नोकरीमुळे झालाही नाही आणि वाढलाही नाही. (आई अजून विचारते, हा नाना कोण ज्याने आपली पेन्शन अडवली.) कारण फक्त दोन शब्द, हॅबिच्युअल स्मोकर. अपील केलं, तिथूनही तेच आलं.

बिडी ओढायचे, नाही म्हणत नाही. पण दोन टेन्युअर हाय अल्टिट्यूडला काढलेत, फायबरच्या हटमध्ये रात्रभर केरोसिनची बुखारी (शेगडी) पेटलेली, दार उघडलं तर थंडीने मरायचं आणि बंद ठेवलं तर धुराने, सकाळी थुंकी काळी. तो धूर कुणी मोजला? भरतीला छाती ७७ सेंमी आणि वर ५ सेंमी फुगवून घेतली होती ना, तेव्हा फुफ्फुसं सरकारला चालली. आता बिडीचं एक कारण सापडलं की बाकी सगळं माफ? माझ्या मते पेन्शन मिळायलाच हवी, तुमचं काय मत?

करदाता_नं_१
वाईट वाटेल पण लिहितो. नियमातच आहे की दारू, तंबाखू, ड्रग्सच्या अतिरेकाने आलेल्या अपंगत्वाला भरपाई नाही, कारण ते माणसाच्या स्वतःच्या हातात असतं. सीओपीडीचं सगळ्यात मोठं कारण धूम्रपान, हे शाळेतलं पोरगं पण सांगेल. माइनवर पाय गेलेला जवान आणि वीस वर्षं बिडी ओढलेला जवान एकाच रांगेत कसे बसवायचे? आणि ही पेन्शन कशी वाटली जाते तेही बघा, २०२३ मध्ये कॅगच्या अहवालात आलं की डिसॅबिलिटी घेऊन रिटायर होणाऱ्यात अफसरांचं प्रमाण जवानांच्या दुप्पट आहे, त्यात बीपी-शुगरवाले किती ते विचारू नका. दार अजून उघडायचं की थोडं ओढून घ्यायचं?

फौजीचा_पोरगा
अफसरांच्या बीपीचा हिशोब माझ्या बापाकडून का वसूल करताय साहेब.

माजी_नर्सिंग_असिस्टंट
एएमसीत, म्हणजे लष्कराच्या मेडिकल कोअरमध्ये होतो, बोर्डाचे कागद या हातांनी लावलेत. दोघांचंही अर्धं बरोबर आहे.

करदाता साहेब, नियमात शब्द अतिरेक आहे. किती बिड्या, किती वर्षं, हे कुठेतरी लिहायला नको? नुसतं स्मोकर लिहून मोकळं होणं हे कारण नाही, शिक्का आहे. सुप्रीम कोर्टाने २०१३ मध्ये धरमवीर सिंग केसमध्ये सांगितलंय की भरतीच्या वेळी आजाराची नोंद नसेल तर माणूस धडधाकट होता असं धरायचं, पुढे तब्येत बिघडली तर ती सर्व्हिसमुळे असं मानायचं, आणि तसं नसेल तर बोर्डाने कारणं लिहायची, शाबीत करायचं ओझं जवानावर नाही. ती केस फिट्सची होती, फुफ्फुसाची नव्हती, पण तत्त्व तेच लावतात.

आता पोरा तू ऐक. तू सारखा 'झाला'वर भांडतोयस, तिथे बिडी आडवी येणारच. भांडायचं 'वाढला'वर. बिडीने सुरू झालेला आजार बुखारीच्या धुराने आणि उंचीवरच्या थंड, विरळ हवेने वाढला, असं म्हणायला काय अडचण आहे? बोर्डाचा फॉर्म म्हणजे एएफएमएसएफ-१६, त्यात कुठे कुठे पोस्टिंग, पीस (शांत छावणी) की फील्ड (मोर्चाचा भाग), असा तक्ता असतो, तो काढ आणि मेडिकल कॅटेगरी कधी पडली त्याच्याशी जुळव.

अजून एक, जे कुणी बोलत नाही. खोकला लपवतात पोरं. कॅटेगरी पडली की प्रमोशन अडकतं, कोर्स जातो, मग दम लागला तरी बीपीईटीला, म्हणजे फिटनेसच्या टेस्टला, दात ओठ खाऊन पळायचं आणि एमआय रूमला (युनिटच्या दवाखान्यात) जायचंच नाही. पुढे बोर्ड विचारतं जुनी नोंद कुठाय. नोंद कुठून असणार? मी स्वतः अशांना मागच्या दाराने कफ सिरप दिलंय, आज त्याची लाज वाटते.

करदाता_नं_१
हे तर माझ्याच बाजूचं झालं. स्वतः लपवलं, स्वतः ओढलं, मग भरपाई मागायची.

माजी_नर्सिंग_असिस्टंट
लपवायला लावणारी सिस्टीम कुणाची हो?

पेन्शनचा_हिशोबनीस
भांडण कितीचं आहे ते तरी बघा. १०० टक्के डिसॅबिलिटीला शेवटच्या पगाराच्या ३० टक्के, खाली त्या प्रमाणात. समजा पगार ४०,००० तर शंभरला १२,०००. तीस टक्क्यांना ३,६००, पण ब्रॉड बँडिंग मिळालं की ५० च्या खालचं ५० धरतात म्हणजे ६,०००, वर महागाई वेगळी. टर्म पूर्ण करून सुटलेल्यांनाही हा राउंडिंगचा फायदा, हे २०१४ मध्ये राम अवतारच्या निकालात ठरलं. पण आधी किमान २० टक्के डिसॅबिलिटी हवी आणि त्याच्याही आधी तो नाना हटायला हवा, नाहीतर शून्य. अपील फेटाळलंय तर पुढचा रस्ता आर्म्ड फोर्सेस ट्रिब्युनल (फौजींच्या केसेसचं न्यायाधिकरण), मुंबईला बेंच आहे. आणि २१ सप्टेंबर २०२३ नंतर सुटलेल्यांना नवे नियम लागतात, ते यात मिसळू नका, व्हॉट्सॲपवर सगळे मिसळतात.

सुभेदारीणबाई
आमचे हे पण याच आजाराचे. मी पोराच्याही विरुद्ध बोलणार आणि करदात्याच्याही.

बाळा, केस लढ, पण केसच्या नादात माणूस विसरू नकोस. आम्ही सहा वर्षं कागदाच्या मागे होतो आणि हे इन्हेलर उलटा सुलटा मारत होते, निम्मं औषध जिभेवर. तपासायचं कुणाला सुचलंच नाही, एका सिस्टरने स्पेसर (पंपाला जोडायची नळकांडी) लावून शिकवलं तेव्हा फरक पडला. स्टिरॉइडवाला पंप मारला की चूळ भरायची, नाहीतर तोंडात पांढरं येतं. दरवर्षी फ्लूची लस, न्यूमोनियाची वेगळी, डॉक्टरला विचारून. ओठांचा चंबू करून हळू श्वास सोडायचा, जिना चढताना तर नक्की. औषधं ईसीएचएसमधून, म्हणजे माजी सैनिकांच्या आरोग्य योजनेतून मिळतात, तिथे नानाबिना कुणी विचारत नाही, कार्ड लागतं. ऑक्सिजनचं मशीन आपल्या मनाने लावायचं नसतं, रक्तातला ऑक्सिजन सारखाच ८८ किंवा खाली राहिला तर डॉक्टर रक्ताची तपासणी करून ठरवतात, आणि लावलं की दिवसाचे पंधरा तास तरी लावायचं. हे पहिले लाजायचे, पाहुणे आले की नळी काढून ठेवायचे.

आणि करदाता भाऊ, तुम्ही एकदा दहा मिनिटं नाक दाबून फक्त बारक्या स्ट्रॉमधून श्वास घेऊन बघा, मग रांगेचं बोलू.

करदाता_नं_१
ताई, त्रास खोटा आहे असं मी म्हटलंच नाही. उपचार फुकट द्या, मशीन द्या, काही म्हणणं नाही. प्रश्न भरपाईचा आहे. पण 'वाढला'चा मुद्दा मी धरला नव्हता, बुखारीचा पुरावा असेल तर तेवढ्यापुरतं मान्य. नुसतं हाय अल्टिट्यूडला होतो म्हणून सरसकट नको.

एक्स_सिग्नल्स
मी ऐकलंय की रिव्ह्यू बोर्डाच्या आधी महिनाभर पंप बंद ठेवायचा, रिपोर्ट खराब येतो, टक्के वाढतात. बरेच जण करतात.

माजी_नर्सिंग_असिस्टंट
हे वाचून डोकं फिरलं. अरे सीओपीडीची स्पायरोमेट्री (फुंकून फुफ्फुसं तपासतात ती टेस्ट) औषध हुंगवूनच परत करतात, बघायचं असतं की औषधानंतरही नळी किती अरुंद राहते, तुझ्या महिनाभराच्या उपासाने तिथे काही मिळत नाही. मिळेल तो अटॅक, आणि प्रत्येक मोठ्या अटॅकनंतर माणूस एक पायरी खाली उतरतो, बऱ्याचदा परत वर येत नाही. खरंच खालावलं असेल तर स्वतः अर्ज करून रिव्ह्यू मागता येतो, टक्के जन्मभराचे लिहिले असले तरी. नाटक कशाला?

फौजीचा_पोरगा
सगळ्यांचे आभार, करदाता साहेबांचे पण. बाबांची पोस्टिंग आज लिहून काढली. कॅटेगरी पडली ती दुसऱ्या टेन्युअरहून खाली आल्यावर सात महिन्यांत, पीस स्टेशनला. बोर्डाने लिहिलंय ऑनसेट इन पीस, आजार पीसला असताना सुरू झाला. म्हणजे वरून धूर खाऊन आला, खाली खोकला म्हणून दोष खालच्या जागेचा.

माजी_नर्सिंग_असिस्टंट
पीस-फील्डवरून फरक करायचा नाही असं मेडिकलच्या रेग्युलेशनमध्येच आहे, ४२३ नंबर बघ, धरमवीरच्या निकालात पण आलंय. हे वकिलाला पहिल्यांदा दाखव. आणि एक विचारू का, बाबा अजून ओढतात?

फौजीचा_पोरगा
दोन. संडासात जाऊन. आम्हाला माहीत नाही असं त्यांना वाटतं.

सुभेदारीणबाई
मग ट्रिब्युनलच्या आधी त्या दोनचं बघ रे बाळा. ओरडू नकोस, आमच्या ह्यांना ओरडल्यावर तीन झाल्या होत्या.