म्यूल डिअर: चालण्यापेक्षा बसा, आणि वारा बघा
म्यूल डिअरच्या (मोठ्या कानांचं अमेरिकेतलं हरीण) शिकारीसाठी जास्त चाला, जास्त डोंगर पालथे घाला असा सल्ला दिला जातो, तो मला नाही पटत. उजाडायच्या आत समोरच्या डोंगरधारेवर जाऊन बसा, दुर्बीण ट्रायपॉडला लावा आणि सावलीतली झुडपं सावकाश बघत रहा, अख्खं हरीण क्वचितच दिसतं, हललेला कान नाहीतर पांढरं ढुंगण तेवढं दिसतं.

पण वाराही बघावा लागतो. इकडे अमेरिकेतल्या कोलोरॅडोत सकाळी थंड हवा उतारावरून खाली वाहते, ऊन तापलं की तीच वर चढायला लागते, म्हणजे बसलेला नर दिसला म्हणून खालून लगेच निघालात तर अर्ध्या वाटेत हवा उलटते आणि तुमचा वास थेट त्याच्या नाकात. हवा नीट वर वळू द्या, मग लांबून वळसा घालून वरच्या अंगाने उतरा. आणि हो, रायफलने शिकार करायच्या हंगामात भडक केशरी किंवा गुलाबी जाकीट-टोपी इथे सक्तीची आहे, कॅमो (झाडीत मिसळून जाणारे कपडे) कितीही भारी असू दे.