अनुभव धागा: पहिलं अनोळखी गिऱ्हाईक

छोटा व्यवसाय सुरू केला की पहिली ऑर्डर मावशी देते. दुसरी मामेभाऊ, तिसरी ऑफिसात शेजारी बसणारी. चार जण ‘वा, किती छान’ म्हणतात, आपण हवेत असतो. मग ओळखीचे संपतात. एकच वस्तू बिचारे किती वेळा घेणार? तिथून पुढे जी शांतता पसरते तिच्याबद्दल कोणी बोलत नाही. सगळे थेट यशाच्या मुलाखतीला पोचलेले असतात.

म्हणून हा धागा. प्रश्न एकच आहे: तुम्हाला अजिबात न ओळखणारं पहिलं गिऱ्हाईक कुठून आलं आणि काय बघून आलं? आलंच नसेल तर तेही लिहा. विषय सोडून लिहिलंत तरी चालेल, विषयावर राहणं मलाही फारसं जमत नाही.

सुरुवात माझ्यापासून. नोकरी सांभाळून मी हाताने शिवलेल्या वह्या करते. पहिल्या ४ महिन्यांत ११ वह्या गेल्या, अकराही नात्यात. जाहिरातीत मी लिहायचे ‘प्रेमाने बनवलेल्या सुंदर वह्या’, आणि फोटो कव्हरचा. एक दिवस अनोळखी नंबरवरून फोन आला. "तुमची वही टेबलावर आपोआप सपाट उघडी राहते ना? वर काही न ठेवता?" चित्रं काढणाऱ्या बाई होत्या. माझ्या बहिणीच्या मैत्रिणीकडे त्यांनी वही पाहिली होती.

आता हे सपाट राहणं मी रडतरडत शिकले होते. कागदाला दिशा असते. यंत्रावर कागद तयार होताना त्याचे तंतू बहुतेक एकाच बाजूला लोळतात, आणि त्या बाजूने तो मुकाट वाकतो. ती दिशा शिवणीला समांतर ठेवली की पानं शहाण्यासारखी पडून राहतात. उलटी गेली की वही फुगते आणि पानांच्या लाटा होतात. माझ्या पहिल्या ३ वह्या अशा उलट्या शिवलेल्या आहेत. त्यातली एक मावशीकडे आहे, ती अजून नीट मिटत नाही. पण जाहिरातीत यातलं अक्षरही नव्हतं, कारण मला वाटायचं लोकांना कव्हर हवंय. त्या रात्री मी मजकूर बदलला: ‘सपाट उघडी राहणारी वही’. फोटोत उघडी वही आणि बाजूला दोन मोकळे हात. शब्द माझे नाहीत, त्या बाईंचे आहेत.

आता तुम्ही.

कापडी पिशव्या, सहावं वर्ष

माझं पहिलं अनोळखी गिऱ्हाईक आलं आणि मी तोट्यात गेले. हसू नका.

ओळखीच्यांना पिशव्या देताना हिशेब करायचा संकोच वाटायचा. कापड, दोरा, थोडी मजुरी, झालं. या ताईंनी एकदम ३० मागितल्या. पंधरा दिवस मान मोडून शिवल्या, पैसे आले आणि हातात काही उरलंच नाही. मग एक पिशवी घड्याळ लावून केली. कापणं १५ मिनिटं, शिवणं ४०, धरायचे बंद उलटवणं १०, इस्त्री ५. आणि ‘निळ्यात आहे का’, ‘निळा म्हणजे कसला निळा’, फोटो पाठवा, पत्ता विचारा, बांधा, पाठवून या, हे सगळं मिळून ५०. म्हणजे पिशवीमागे २ तास. मी मजुरी लावत होते ४० मिनिटांची.

दर तिप्पट करणं शक्य नव्हतं. मग रंग तीनच ठेवले, १२ पिशव्यांचं कापड एकदम कापायला लागले आणि बंद आधीच उलटवून डबा भरून ठेवायला लागले. वेळ तासाच्या आत आला. दरही वाढवला, थोडा. दोन जुनी गिऱ्हाइकं गेली. वाईट वाटलं नाही असं म्हणणार होते, पण वाटलं.

दुसऱ्यांचे हिशेब लिहितो

पिशव्यांच्या ताईंशी शंभर टक्के सहमत. दर वर्षी मला एक तरी व्यावसायिक असा भेटतो ज्याला आपला नफा किती हे माहीत नसतं, आणि तो बेफिकीर नसतो, नुसता गोंधळलेला असतो.

१०० ला पडलेली वस्तू २५ टक्के चढवून १२५ ला विकली, की तो म्हणतो मला २५ टक्के सुटतात. विक्रीच्या रकमेवर बघाल तर ते २० टक्के आहेत. मग कोणीतरी सांगतं, खप वाढवायला २० टक्के सूट दे. १२५ वर २० टक्के सूट म्हणजे विक्री १०० ला. अख्खा नफा गेला आणि पिशवी, दोरी, धावपळ वेगळी. हा माणूस महिनाभर खूश असतो, कारण गर्दी होते.

विक्रीवर ३० टक्के नफा असेल आणि तुम्ही १० टक्के सूट दिलीत, तर आधीइतकेच पैसे हातात यायला दीडपट माल विकावा लागतो. हा आकडा दुकानात टांगून ठेवा. सूट देऊच नका असं म्हणत नाही. जुना माल पडून असेल, जागा अडली असेल, तर द्या. पण पहिलं अनोळखी गिऱ्हाईक सूट बघून आलं असेल तर ते पुढची सूट लागेपर्यंत परत येत नाही, हे मी वह्यांमध्ये पाहिलंय. (तुमच्या वह्यांमध्ये नाही ताई, माझ्या हिशेबाच्या.)

आणि घरखर्चाचं व धंद्याचं खातं वेगळं ठेवा. हे सगळे सांगतात, कोणी करत नाही.

साबण

नमुने वाटून आलं. पण आधी माझी फजिती.

थंड पद्धतीने, म्हणजे मिश्रण न शिजवता केलेला साबण वडी कापली की विकायला तयार नसतो, साधारण ४ ते ६ आठवडे हवेशीर जागी मुरावा लागतो. त्या काळात त्यातलं पाणी उडतं आणि वडी कडक होते. मला हे कृती म्हणून माहीत होतं, धंदा म्हणून माहीत नव्हतं. तेलाचे पैसे आज जातात आणि साबणाचे पैसे दीड-दोन महिन्यांनी येतात. पहिल्या मोठ्या ऑर्डरच्या वेळी फळीवर माल भरपूर, विकण्याजोगा एकही नाही. शिवाय वजन मी ताज्या वडीचं छापलं होतं. मुरल्यावर भरलं कमी. एका गिऱ्हाइकाने काट्यावर ठेवून फोटो पाठवला. सगळी वेष्टनं रद्दीत. आता वजन शेवटी करते.

नमुन्यांबद्दल: वडीच्या कडा कापताना तुकडे उरतात, ते मी छोट्या कागदात गुंडाळून देते. तेवढ्यात तीन-चार अंघोळी होतात. फेस कसा आहे, वास राहतो का, त्वचा ओढते का, हे माणसाला आपलं आपल्याला कळतं. मी कितीही वर्णन केलं तरी उपयोग नाही.

(नवीन लोकांसाठी: अंगाला लावायच्या वस्तू विकायला बहुतेक देशांत परवान्याचे किंवा लेबलचे नियम असतात. आधी चौकशी करा. मी नंतर केली आणि चार महिने गप्प बसावं लागलं.)

मार्केटिंग शिकवतो, स्वतःचं काही विकलेलं नाही

कबुली आधीच दिली, आता बोलू द्या. साबणवाल्या ताईंचं वाचून पोस्ट-इटच्या चिठ्ठ्या आठवल्या. १९७७ मध्ये थ्री-एम कंपनीने त्या ‘प्रेस अँड पील’ नावाने ४ शहरांत विकून पाहिल्या, फारशा खपल्या नाहीत. चिकटणारी पण सुटणारी चिठ्ठी कशाला लागते हे दुकानातल्या पाकिटाकडे बघून कोणाला कळणार? पुढच्या वर्षी बॉइसी शहरातल्या कार्यालयांत फुकट वाटल्या आणि वापरणाऱ्यांपैकी ९० टक्क्यांहून जास्त लोक विकत घ्यायला तयार झाले. १९८० मध्ये त्या अमेरिकेत सगळीकडे आल्या.

टपरवेअरचंही तसंच. डबे १९४६ पासून दुकानांत होते आणि पडून होते. झाकण दाबून हवा कशी काढायची हे कोणी दाखवतच नव्हतं. ब्राउनी वाइज नावाच्या बाई घरोघरी बायका जमवून ते करून दाखवायच्या. १९५१ मध्ये कंपनीने त्यांना हाताशी घेतलं आणि दुकानांतली विक्री बंद केली.

माझ्या वर्गात मी हे दोन तास लावून शिकवतो. साबणवाल्या ताईंनी कागदाच्या पुडीत उरकलंय.

सायकल दुरुस्ती, शनिवार-रविवार

मी लिहिणारा माणूस नाही. थोडक्यात.

दुरुस्तीत लोकांना एकच शंका असते, की खरंच बदललं का? मी काढलेला जुना भाग छोट्या पिशवीत घालून हँडलला अडकवून देतो. झिजलेली ब्रेकची पट्टी, ताणलेली साखळी, जे असेल ते. साखळीची लांबी मोजून दाखवतो. आतली आणि बाहेरची मिळून एक कडी धरली, तर नव्या साखळीच्या १२ कड्या बरोबर १२ इंच भरतात, जास्त भरल्या तर ती ताणली गेली. मोजपट्टी गिऱ्हाइकाच्याच हातात देतो, मोज म्हणतो.

पहिल्या अनोळखी माणसाने ती पिशवी घरी नेली आणि शेजाऱ्याला दाखवली. शेजारी दुसऱ्या दिवशी हजर. अजून जाहिरात केलेली नाही. फलक आहे, तोही पुतण्याने रंगवलाय आणि ‘दुरुस्ती’ चुकीची लिहिली आहे. लोक चूक सांगायला थांबतात.

साबणवाल्या ताईंना प्रश्न

नमुने दिल्यावर पुढे काय करता? मी मेणबत्त्या दिल्या होत्या. सगळे छान म्हणाले, ऑर्डर शून्य.

साबण

तारीख लिहून ठेवते. तुकडा आठवड्याच्या आत संपतो, तेव्हा एकदाच विचारते, "कसा वाटला? काही खटकलं का?" ‘हवाय का’ असं विचारत नाही. खटकलं का विचारलं की लोक खरं बोलतात, आणि ज्यांना आवडलाय ते आपणहून मागतात. दुसऱ्यांदा विचारत नाही. मलाही कोणी मागे लागलेलं आवडत नाही.

मेणबत्त्या, दुसरं वर्ष

विचारून पाहिलं. दहापैकी चौघींचं उत्तर एकच: मधोमध खड्डा पडतो, कडेचं मेण तसंच राहतं, मग वात बुडते आणि विझते. आजवर मला हे कोणीही सांगितलं नव्हतं! सगळ्या ‘छान’ म्हणत होत्या आणि कपाटात ठेवून देत होत्या.

शोधत बसले. थोडी चूक माझी होती, भांड्याच्या रुंदीला वात बारीक पडत होती. थोडी वापराची होती. पहिल्यांदा पेटवली की वरचं मेण कडेपर्यंत वितळू द्यायचं असतं, त्याआधी फुंकली की पुढच्या वेळी तेवढ्याच घेराचा खड्डा पडत जातो. आता वात जाड केली आहे आणि झाकणावर एक ओळ चिकटवते: ‘पहिल्यांदा कडेपर्यंत वितळेस्तोवर विझवू नका.’ अनोळखी गिऱ्हाईक अजून आलेलं नाही. पण नमुना नेलेल्यांपैकी एकीने पैसे देऊन दोन घेतल्या. नणंद आहे, धरायची का?

धागा काढणारी

नणंद पैसे देऊन घेत असेल तर धरा.

भाषांतर आणि मुद्रितशोधन

सेवा विकणाऱ्यांचं दुखणं वेगळं. आमचा माल दिसत नाही आणि फुकट मागायला लोकांना काही वाटत नाही. "एवढं एक पान बघ ना" म्हणणारे सगळे ओळखीचे असतात. अनोळखी माणूस उलट दर विचारतो, मुदत विचारतो, सोपा असतो.

माझा पहिला अनोळखी ग्राहक तोंडी शिफारशीने आला, आणि त्याने पैसे बुडवले. काम लेखी ठरलं नव्हतं. तो वाढवत गेला, मी करत गेले, शेवटी म्हणाला हे मला अपेक्षित नव्हतं. तेव्हापासून सुरू करण्याआधी चार ओळी लिहून पाठवते: शब्द किती, मुदत कोणती, दुरुस्त्यांच्या फेऱ्या दोन, निम्मी रक्कम आगाऊ. आगाऊ म्हटल्यावर जे गायब होतात ते आधीच गेलेले बरे. उधारी मागायला फोन करताना माझा आवाज चोरासारखा व्हायचा. पैसे माझेच होते.

वर कोणी व्हॉट्सअॅपबद्दल लिहिलं नाही म्हणून

ब्रॉडकास्ट यादीतला (एकाच वेळी अनेकांना वेगवेगळा जाणारा) संदेश फक्त त्यांनाच पोचतो ज्यांनी तुमचा नंबर आपल्या फोनमध्ये साठवलाय. मी ८ महिने २०० जणांना फोटो पाठवत होतो आणि कोणी उत्तर देत नाही म्हणून खचलो होतो. बहुतेकांना ते दिसतच नव्हते. आता ऑर्डर देताना समोरच नंबर साठवून घ्यायला सांगतो.

कुंड्या आणि रोपं, बंद केलं

आलंच नसेल तर तेही लिहा म्हणालात, म्हणून.

अनोळखी गिऱ्हाइकं आली होती, बरीच. रोपं मरायची. माझ्याकडे जगायची, त्यांच्याकडे मरायची, आणि दोष माझा. खरं तर थोडा होताही. उन्हातली रोपं मी अंधाऱ्या खोलीत जाणार हे माहीत असून विकली, कारण माणूस पैसे काढून उभा होता. ‘तुमच्या खिडकीत ऊन किती वेळ येतं’ हे विचारायला हवं होतं. विचारलं असतं तर निम्मी विक्री गेली असती.

दोन वर्षांनी हिशेब केला, नोकरीतल्या सुट्ट्या धरल्या, पाठदुखी धरली आणि थांबलो. उरलेल्या कुंड्या शेजारच्या सोसायटीला दिल्या. त्यांनी छान ठेवल्यात. रोज बघतो जाताना.

धागा काढणारी

रोपंवाल्या दादा, तुमचं वाचून थांबले थोडी. चित्रं काढणाऱ्या बाईंना आज फोन केला आणि साबणवाल्या ताईंचा प्रश्न विचारला, काही खटकलं का? म्हणाल्या, वही उत्तम आहे, पण जलरंगाला कागद पातळ पडतो, मागच्या पानावर रंग उतरतो. तीन वह्या घेतल्यात त्यांनी माझ्याकडून. एकदाही बोलल्या नव्हत्या.

जाड कागद मागवलाय. दिशा तपासून.