डेरिक परेरांचंही नाव घ्या

भारतीय फुटबॉल प्रशिक्षकांनी क्लबला मोठं यश मिळवून दिलेलं नाही, असं या चर्चेत वर कुणीतरी म्हटलंय. मला हे अजिबात पटत नाही. गोव्याचे डेरिक परेरा बघा. साळगावकर आणि भारताकडून बचावफळीत खेळले, मग प्रशिक्षक झाले. २००५-०६ची राष्ट्रीय लीग मुंबईच्या महिंद्रा युनायटेडने त्यांच्याच हाताखाली जिंकली. २०१२-१३च्या आय-लीगमध्ये, म्हणजे तेव्हाच्या देशातल्या अव्वल लीगमध्ये, पुणे एफसी दुसऱ्या क्रमांकावर आला, तेव्हाही प्रशिक्षक हेच. दोन्ही क्लब नंतर बंद पडले, म्हणून ही कामगिरी आज कुणाच्या तोंडी नाही, याचं फार वाईट वाटतं. पुढे एफसी गोवाचे तांत्रिक संचालक झाले, २०१९मध्ये भारताचा २३ वर्षांखालील संघही सांभाळला. पोरं घडवायला असाच अनुभवी माणूस लागतो.